नवजात बाळाची क्रोशाची टोपी: माझी चकती कोबी का होतेय?

सांगलीकर_काका | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी इथला जुना वाचक, पण लिहितो कमी. वीज मंडळातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मुलगी पहिल्या बाळंतपणाला पुढच्या महिन्यात माहेरी यायची आहे, तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. सौ. दिवाळीपासून दोन सुया घेऊन बसलीय. झबलं झालं, मोजे झाले, आता टोपडं चाललंय. मी नुसता पेपर वाचत बसलो तर बरं दिसत नाही, म्हणून बाळाची एक टोपी मी विणायची असं जाहीर केलं. दोन सुया हातात धरल्या की माझी बोटं एकमेकांत अडकतात, त्यामुळे एका सुईचा क्रोशा निवडला.

लेकीनं मोबाइलवर इंग्रजी कृती पाठवली. अगदी सोपी म्हणाली. मधे कडं, त्यात १२ टाके, पुढच्या फेरीला २४, मग ३६, मग ४८. चार फेऱ्यांत दहा सेंटिमीटरची सपाट चकती होते आणि तिथून पुढे टाके न वाढवता सरळ खाली उतरायचं. टाके कसे घालायचे ते सौ.च्या जुन्या पुस्तकात बघून शिकलो. आठ दिवस सराव केला.

आता अडचण. माझी चकती चौथ्या फेरीला पाच सेंटिमीटरच भरते, आणि सपाट राहायचं सोडून कडेनं झालर धरते. तीनदा उसवली. टाके मोजून घेतले, बरोबर ४८. काल सौ. चष्मा लावून म्हणाली, "अहो, हे डोक्यावर घालायचं की भाजीत?"

चुकतंय कुठे? आणि एकूणच नवजात बाळाची टोपी केवढी करावी, लोकर कुठली घ्यावी, हेही सांगा.

उंटावरचा_शहाणा | रात्री ९.५२

काका, चाळीस वर्षं लोकांची मीटरं तपासलीत, आता टाके तपासा. रीडिंग बरोबर असून बिल चुकतंय म्हणजे मीटरच बदललेला दिसतोय.

सुईदोरा | रात्री १०.०५

काका, आधी अभिनंदन! टाके खूप ओढून घेताय का? नवशिक्यांचा हात घट्ट असतो. सुई एक नंबर मोठी घेऊन बघा.

सांगलीकर_काका | रात्री १०.२०

घट्ट म्हणाल तर सुई सहज आत जाते. सुई ५ मिलिमीटरची, लोकर मध्यम जाडीची. कृतीत तशीच सांगितलीय.

चहाबाज | रात्री १०.३१

हात घट्ट असता तर चकतीची वाटी झाली असती, झालर नाही. झालर म्हणजे जागेपेक्षा टाके जास्त. पंगतीत बारा पाटांच्या जागेत चोवीस पाट मांडल्यासारखं.

शेवटची_साखळी | रात्री ११.१०

चहाबाजशी सहमत. काका, दोन प्रश्न.

तुमच्या टाक्याची उंची किती? म्हणजे एका फेरीची रुंदी पट्टीवर किती भरते? आणि टाका घालताना सुई आत खुपसण्याआधी तिच्यावर धागा एकदा गुंडाळून घेता, की सुई तशीच आत घालता?

सांगलीकर_काका | १३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

शेवटची_साखळी ताई (की दादा?), पट्टी लावली. एक फेरी सहा मिलिमीटर. धागा गुंडाळत नाही. सुई आत, धागा ओढून बाहेर, पुन्हा धागा घेऊन दोन्ही फाशांतून बाहेर. पुस्तकात 'डबल क्रोशे' याच नावाखाली असंच दिलंय आणि लेकीच्या कृतीतही 'डबल क्रोशे'च लिहिलंय. दोन्हीकडचं नाव जुळवून मगच सुरुवात केली होती.

शेवटची_साखळी | सकाळी ८.१५

ताई. आणि काका, सापडलं! मीटर खरंच बदललाय.

तुमची कृती अमेरिकन आहे आणि काकूंचं पुस्तक इंग्लंडच्या पद्धतीचं. दोघांच्या नावांत एका पायरीचा फरक असतो. आपण ज्याला मुका खांब म्हणतो, म्हणजे धागा न गुंडाळता घालतात तो बुटका टाका, त्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि इंग्लंडमध्ये डबल क्रोशे. आपला साधा खांब, म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन घालतात तो उंच टाका, अमेरिकेत डबल आणि इंग्लंडमध्ये ट्रेबल. कृतीवाल्या बाईला खांब हवे होते, तुम्ही मुके खांब घातलेत. नाव तेच, टाका वेगळा.

ओळखायची एक युक्ती. कृतीत कुठेही 'सिंगल क्रोशे' दिसलं की ती अमेरिकन समजायची, कारण इंग्लंडच्या पद्धतीत सिंगल नावाचा टाकाच नाही. म्हणून मी मराठीतच बोलते. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. यात ना लंडन ना न्यूयॉर्क.

कोकणी_मेवा | सकाळी ८.४०

क्या बात है! शेरलॉक साखळी.

उंटावरचा_शहाणा | सकाळी ८.४४

म्हणजे बाळाच्या टोपीत पण गोऱ्यांची भांडणं. मुका खांब हे नाव मात्र फार आवडलं. आमच्या हाऊसिंग सोसायटीत चार-पाच आहेत तसे.

गणितवेडा | सकाळी ९.३०

थोडं अवांतर, पण इथेच गंमत आहे म्हणून लिहितो. खांबाला १२ आणि मुक्या खांबाला ६ हे आकडे कुणाच्या लहरीनं ठरलेले नाहीत.

चकती सपाट राहायची तर प्रत्येक फेरीला परीघ किती वाढला पाहिजे? त्रिज्या फेरीच्या उंचीएवढी वाढते, म्हणून परीघ २ गुणिले पाय गुणिले उंची, साधारण उंचीच्या सव्वासहा पट. मुका खांब जेवढा रुंद तेवढाच उंच असतो, म्हणून दर फेरीला सहा टाके वाढवायचे. खांब रुंदीच्या जवळजवळ दुप्पट उंच, म्हणून बारा. अर्धा खांब या दोघांच्या मधला, त्याला आठ ते दहा. काकांनी मुके खांब घालून दर फेरीला बारा वाढवले, म्हणजे हव्या त्याच्या दुप्पट. मग कड बिचारी जाणार कुठे? वर-खाली नागमोडी होत झालर धरणार.

काकांनी ही चकती फेकू नये. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये नेमकं हेच मुद्दाम केलं. टाके ठरावीक प्रमाणात वाढवत नेऊन त्यांनी हायपरबोलिक, म्हणजे कडेकडेला झालरीसारखा पसरत जाणारा, पृष्ठभाग क्रोशानं विणला आणि तो वर्गात विद्यार्थ्यांच्या हातात दिला. कागदावर नीट दाखवता न येणारी भूमिती लोकरीत दाखवता आली. काकांनी सांगलीत ती अपघातानं केली एवढाच फरक.

चहाबाज | सकाळी ९.४१

काका, सौ.ना सांगा, कोबी नाही, भूमिती आहे.

सांगलीकर_काका | सकाळी ११.००

सांगितलं. "मग भूमिती दारात लटकवा, पोराच्या डोक्याला नको," असं उत्तर आलं.

पण साखळीताई, तुमचे उपकार. नाव एक म्हणजे वस्तू एक असं धरून चाललो तिथेच फसलो. आता खऱ्या खांबांनी सुरू करतो.

मडगावची_माय | दुपारी १.२०

काका, आमच्याकडे गोव्यात ख्रिस्ती घरांमध्ये क्रोशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. माझी सासू देवघराच्या पडद्यापासून बाळाच्या बाप्तिस्म्याच्या टोपीपर्यंत सगळं विणायची, आणि एकही कृती लिहिलेली नव्हती. ती टाके मोजायचीच नाही. चकती तळहातावर ठेवायची. वाटी झाली तर पुढच्या फेरीला टाके वाढवायचे, झालर झाली तर वाढवायचे नाहीत. गणितवेडा यांचं सगळं गणित तिच्या तळहातात होतं म्हणायचं.

एक गोष्ट मात्र ती बजावून सांगायची. फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजे एक खांब, तो मोजणीत धरायचा. नवीन बायका तो विसरतात आणि दर फेरीला एक टाका जास्त होतो.

गुंडाळी | दुपारी २.०५

मापाबद्दल कुणी बोललंच नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३३ ते ३७ सेंमी असतं, बहुतेकांचं ३५ च्या आसपास. टोपी त्यापेक्षा दोन-तीन सेंमी लहान ठेवायची, ताणून नीट बसते. बरोबर डोक्याएवढी केली तर तासाभरात सैल होऊन डोळ्यांवर येते. ३२-३३ सेंमी घेर धरा. उंची मधल्या कड्यापासून कडेपर्यंत १४-१५ सेंमी, म्हणजे कड दुमडता येते आणि बाळ वाढलं की उलगडता येते.

तुमची लोकर आणि ५ मिमी सुई धरली तर दहा सेंमीत १५ खांब बसायला हवेत. ४८ भागिले १५ गुणिले १०, म्हणजे ३२ सेंमी. अगदी बरोबर. आधी हातभर चौकोन विणून मोजून घ्या. चार फेऱ्या वाढीच्या, मग साधारण आठ फेऱ्या सरळ. लोकर फार तर तीस ग्रॅम लागेल, पन्नासचा एक गुंडा पुरून उरेल.

सांगलीकर_काका | दुपारी २.३०

हातभर? माझ्या हाताचा की बाळाच्या? :)

गुंडाळी | दुपारी २.३४

वीतभर म्हणायचं होतं. जेवल्यावर लिहीत होते.

कोकणी_मेवा | दुपारी ३.१५

बाळ यायच्या आधी घालून कुणाला बघणार? आमच्याकडे आई सोललेल्या नारळावर बघायची. मध्यम नारळाचा घेर तेवढाच भरतो, आणि शेंडी ठेवली की बाळाचं जावळ पण दिसतं.

पुणेरी_पाटी | दुपारी ३.२२

नारळ सोललेला की असोला, हे स्पष्ट लिहावे. असोल्यावर मापलेली टोपी बाळाच्या बाबांना येईल.

कोकणी_मेवा | दुपारी ३.२५

"सोललेल्या" असं लिहिलंय, पाटी. तुमच्याकडे नारळ पिशवीत मिळतो म्हणून फरक माहीत नाही.

ताराबाई | सायंकाळी ५.५०

राग मानू नका, पण बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही विणून ठेवू नये असं आमच्याकडे मानतात. माझ्या सासूबाई बाळंतविड्याचं कापडसुद्धा आधी आणू द्यायच्या नाहीत. पहिले काही दिवस जुन्या धोतराचं नाहीतर नऊवारीचं टोपडं. धुवून धुवून मऊ झालेलं सुती कापड, त्याला बंदही लोकरीचे नाहीत, कापडाचेच. नवं काही बारशाला.

मृदुला_क | सायंकाळी ६.१०

ताराबाई, पटत नाही. मी पहिल्या वेळी हे सगळं पाळलं आणि बाळ आल्यावर ऐन वेळी नवरा दुकानात जाऊन सहा महिन्यांच्या मापाची झबली घेऊन आला. दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यात पिशवी भरून ठेवली. काही झालं नाही.

ताराबाई | सायंकाळी ६.२५

न होवो. मी पण माझ्या सुनेला थांबवलं नाही हो. तरी जुन्या कापडाचं म्हणणं सोडणार नाही, त्याच्याइतकं मऊ दुकानात मिळत नाही.

सांगलीकर_काका | सायंकाळी ६.४०

ताराबाई, माझ्या वेगानं टोपी बाळाच्या आधी पूर्ण होईल ही भीती कुणीच बाळगू नये.

स्टेथोस्कोप | रात्री १०.४५

बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन शब्द.

जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत टोपी उपयोगाची असते. बाळाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं, अंग ओलं, त्यामुळे तिथून उष्णता पटकन जाते. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना तर हवीच. पण घरी आणल्यावर दिवसरात्र टोपी, मोजे, स्वेटर, वर दोन दुपटी, हे नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या २०२२ च्या सुरक्षित झोपेच्या सूचनांत पहिले काही तास आणि अतिदक्षता कक्ष सोडून घरात बाळाला टोपी घालू नये असं म्हटलंय. जास्तीची उष्णता बाळ बरीचशी डोक्यातून बाहेर टाकतं आणि झोपेत टोपी नाकातोंडावर सरकू शकते.

बाळाला थंडी वाजते का हे हातपाय चाचपून ठरवू नका, ते गारच असतात. पोट नाहीतर मानेची मागची बाजू बघा. आणि टोपीला मणी, बटणं, सुटे गोंडे, गळ्यात बांधायच्या लांब नाड्या नकोत.

ताराबाई | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

डॉक्टरसाहेब, अमेरिकेतल्या घराला हीटर असतो. आमच्याकडे पहाटे कौलातून वारा येतो. बाळाला न्हाऊमाखू घातलं, शेक दिला आणि कान उघडे ठेवून निजवलं तर आजूबाजूच्या बायका काय म्हणतील?

स्टेथोस्कोप | सकाळी ९.२०

बायका काय म्हणतील यावर माझ्याकडे औषध नाही. :)

गमतीचा भाग सोडा, पण तुमचा मुद्दा रास्त आहे. वारा येत असेल तर खोलीची फट बुजवा, बाळाला आईजवळ अंगाशी घ्या. आंघोळीनंतर डोकं कोरडं करून थोडा वेळ टोपडं घाला, जागं असताना बाहेर कोवळ्या उन्हात नेताना घाला. गाढ झोपलं की काढा. मी अगदी घालूच नका असं म्हणत नाहीये.

टोरांटोची_ताई | सकाळी १०.३०

आमच्याकडे जानेवारीत बाहेर उणे पंधरा, तरी घरात बाळ उघड्या डोक्यानं. आई इथे आली होती तेव्हा मी बाळाची टोपी काढायचे आणि ती घालायची. दिवसभरात त्या टोपीनं माझ्यापेक्षा जास्त व्यायाम केला. शेवटी तह असा झाला की घरात नाही आणि गाडीपर्यंत डबल.

नीलिमा_जो | दुपारी १२.००

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली, वजन चौदाशे ग्रॅम. डोकं सत्तावीस सेंटिमीटर. बाजारातली सर्वांत लहान टोपी तिच्या खांद्यापर्यंत यायची.

आमच्या दवाखान्यात कांगारू पद्धत होती. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी तासन्‌तास बांधून ठेवायचं. १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, त्यातून ही पद्धत निघाली असं आमच्या सिस्टरनं सांगितलं होतं. मी अकरा दिवस तशी बसून होते आणि तेवढ्या दिवसांत मला फक्त तिच्या टोपीचा शेंडा दिसायचा. पिवळ्या सुती धाग्याची, कुणीतरी विणून दिलेली, मधे एक टाका चुकलेला. तो चुकलेला टाका मी इतका पाहिलाय की आजही काढून दाखवीन.

मुलगी आता नववीत आहे. टोपी कपाटात आहे.

काका, हात बसला की एखादी छोटीही करा. पण दवाखान्यात द्यायच्या आधी तिथल्या सिस्टरना विचारा. काही ठिकाणी बाहेरचं घेत नाहीत, काही ठिकाणी उकळत्या पाण्यात धुता येईल असं सुतीच लागतं.

सुईदोरा | दुपारी १२.१५

नीलिमा... काय लिहू.

चहाबाज | दुपारी १२.४०

शेंडा म्हणजे आपले काका आता जिथे अडकलेत तोच भाग.

सांगलीकर_काका | दुपारी ४.००

नीलिमाताई, तुमचा प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवला. ती उठून आत गेली आणि मऊ पिवळा सुती धागा घेऊन आली. म्हणाली, ही पण करा, पण आधी ती एक नीट होऊ दे.

बंड्या_लोकरवाला | सायंकाळी ७.३०

लोकरीबद्दल मी बोलतो, माझं दुकान आहे. आपण सरसकट लोकर म्हणतो पण दुकानात 'लोकर' मागितल्यावर जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, लुधियानाहून येतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. स्वस्त, धुवायला सोपं, आटत नाही. बाळासाठी 'बेबी' असं लिहिलेला मऊ गुंडा घ्या आणि गालावर नाही, मानेवर घासून बघा. मान खोटं बोलत नाही.

खरी मेंढीची लोकर काही बाळांना टोचते आणि गरम पाण्यात आटते. सुती धागा मऊ, पण जड आणि ताणलेला परत जागेवर येत नाही. कोकण, मुंबई, गोवा असेल तर डोळे मिटून सुती. सांगलीला जानेवारीत दोन्ही चालेल. तंतू सुटणारी केसाळ लोकर बाळाला नकोच, तोंडात जाते. आणि काहीही घेतलं तरी विणून झाल्यावर एकदा धुवा, मगच घाला. दुकानात त्या गुंड्याला किती जणांनी हात लावलेला असतो ते मला विचारा.

पुणेरी_पाटी | सायंकाळी ७.४५

दुकानदार स्वतः सांगतोय हे विशेष.

मृदुला_क | १५ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

जानेवारीत बाळ, म्हणजे संक्रांतीला काही दिवसांचं असेल किंवा येऊ घातलेलं! पहिल्या संक्रांतीला काळं झबलं घालतात, काका काळी टोपी करा, वर हलव्याची फुलं.

स्टेथोस्कोप | सकाळी ११.३०

हलवा शिवायचा नाही!! मणी नकोत म्हटलं त्यात हलवाही आला.

मडगावची_माय | सकाळी ११.४८

शिवाय काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. पहिल्यांदा विणणाऱ्यानं फिका, एकरंगी, गुळगुळीत धागा घ्यावा. काळी टोपी बोरन्हाणाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करा, तोवर तुमचा हात आणि बाळाचं डोकं दोन्ही तयार होतील.

सांगलीकर_काका | २१ नोव्हेंबर, रात्री ९.१५

अहवाल. खांबांनी सुरुवात केली. गाठीचं ते जादूचं कडं मला जमेना, बोटावरून निसटतं, म्हणून चार साखळ्यांचं साधं कडं केलं. मधे बारीक भोक राहिलंय. चार फेऱ्यांना चकती दहा सेंमीच्या जवळ आली आणि सपाट राहिली. सौ.ला दाखवली. तिनं काहीच म्हटलं नाही, म्हणजे पास.

आता नवी शंका. सरळ खाली उतरताना फेरी जिथे जोडतो ती रेघ सरळ न येता तिरकी सरकतेय. आणि आठव्या फेरीला मोजले तर ४६ खांब. दोन गेले कुठे?

शेवटची_साखळी | रात्री १०.०२

रेघ थोडी सरकतेच, ती मागे ठेवायची, बाळ तक्रार करत नाही. दोन खांब मात्र जोडावर गळालेत. फेरी संपवताना शेवटचा खांब आणि सुरुवातीच्या तीन साखळ्या यांच्यामधे गोंधळ होतो. पहिल्या खांबात एक रंगीत दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन अडकवून ठेवा, म्हणजे फेरी कुठे सुरू झाली ते कळतं. टोपी पूर्ण झाली की पिन काढायला विसरू नका, हे मी ओरडून सांगतेय.

भोक राहिलं तर सुरुवातीचा लोंबता धागा जाड सुईत ओवून कड्याभोवती फिरवा आणि ओढा. मिटेल. मग तोच धागा उलटसुलट दिशेनं दोन-तीनदा टाक्यांत लपवा. एकाच दिशेनं लपवलेलं टोक चार धुण्यांत बाहेर येतं.

उंटावरचा_शहाणा | रात्री १०.२०

मीटरमधून युनिट गळतायत. काका, आकडा टाकलाय कुणी?

सांगलीकर_काका | रात्री १०.२४

नातवानंच टाकला असेल. किंवा नातीनं.

पुणेरी_पाटी | २ डिसेंबर, दुपारी १२.००

टोपीचे काय झाले? अर्धवट धागे ठेवण्याची या संस्थळावर प्रथा असली तरी.

सांगलीकर_काका | ३ डिसेंबर, सकाळी ७.३०

झाली. घेर ३२, उंची साडेचौदा. सोललेल्या नारळावर बसवून देवघरासमोर ठेवलीय. कामवाल्या मावशी विचारत होत्या, नारळाला थंडी वाजते का.

मुलगी परवा आली. तिनं टोपी हातात घेतली, उलटी करून आतली बाजू बघितली (आईची लेक), आणि म्हणाली, "बाबा, शेवटची फेरी घट्ट झालीय." बरोबर होतं. कड उसवली आणि सैल हातानं परत घातली.

गुंडाळी | सकाळी ८.००

आतली बाजू बघणारी लेक! काका, ती स्वतः का विणत नाही?

सांगलीकर_काका | सकाळी ८.१०

विचारलं. म्हणाली, "मी मूल करतेय, तुम्ही टोपी करा."

कोकणी_मेवा | सकाळी ८.१२

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

सांगलीकर_काका | १९ जानेवारी, रात्री ११.३०

धागा वर काढतोय. मुलगी झाली, ११ तारखेला. दोघी खुशाल. वजन दोन किलो नऊशे. डोक्याचा घेर मी तिथेच सिस्टरना विचारला, त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. साडेचौतीस.

डॉक्टरसाहेब, पहिले काही तास दवाखान्यातलीच टोपी होती. घरी आल्यावर सौ.चं टोपडं आधी चढलं, त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय. माझी टोपी सकाळी अंगणात कोवळ्या उन्हात नेताना दहा मिनिटं. आत आलं की काढतो. पहिल्या दिवशी ती भुवयांवर सरकली, कड एकदा दुमडली, आता बसते. संक्रांतीला काळं झबलं झालं, हलवा फक्त मोठ्यांनी खाल्ला.

पिवळ्या सुती धाग्याची छोटी अर्धी झालीय. ३६ खांबांवर थांबलो, घेर २५ येतोय. इथल्या सिस्टरनी सुती घेऊ म्हटलंय.

नीलिमा_जो | १९ जानेवारी, रात्री ११.५०

काका, नातीला खूप आशीर्वाद. पिवळीत एखादा टाका चुकला तरी उसवू नका.

ताराबाई | २० जानेवारी, सकाळी ६.४०

जुन्या धोतराचं एखादं टोपडं शिवलं की नाही?

सांगलीकर_काका | सकाळी ७.१५

ताराबाई, शिवलं. सौ.नं. माझं धोतर न विचारता फाडून.

आता पुढचा प्रश्न. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की तिसऱ्या महिन्यापर्यंत डोकं चाळीसच्या आसपास जाईल. म्हणजे टोपी ३७-३८ हवी. हिशेब केला तर ५६ खांब येतात. पण १२, २४, ३६, ४८ नंतर ६०. बाराच्या पाढ्यात ५६ नाही. काय करू?

शेवटची_साखळी | सकाळी ८.०५

पाचव्या फेरीला बारा वाढवायचेच असं कुणी सांगितलं? आठच वाढवा. दर सहाव्या खांबात दोन घाला, ५६ होतात. मग सरळ खाली नऊ फेऱ्या. कड सैल हातानं, आणि पिन.

सांगलीकर_काका | सकाळी ८.०९

पिन काढली आहे. नारळ मात्र मोठा आणावा लागेल.